हिरव्या टोप्यांचे दिवे

सकाळचे ऊन आमच्या घरात दाराने येत नाही. ते आधी गॅरेजच्या पत्र्यावर उतरते, तिथे काही न करता थोडा वेळ पडून राहते, आणि मग पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, कुणाची परवानगी न घेता, आत शिरते. फट अरुंद असल्यामुळे ऊनही अरुंद होते. फुटपट्टीएवढा एक पट्टा. तो पट्टा प्रथम आमच्या गाडीच्या टपावर पडतो. टपाचा रंग कधीकाळी ठरलेला असावा. आता त्याला काय म्हणावे यावर घरात एकमत नाही. टपावरून ऊन समोरच्या काचेवर घसरते, काचेवरच्या धुळीचा कण न् कण उजळवते, बॉनेटवरून खाली येते आणि गॅरेज व स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यापाशी किंचित थबकते. मग फरशी. मग टेबलाचा पाय. मग टेबलावरचा कप, आणि कपातून वर जाणारी वाफ, जी त्या क्षणापर्यंत तिथे आहे हे कुणाच्या ध्यानातही नसते. त्या उन्हात विशेष असे काही नाही. ते रोज येते आणि कुणी पाहिले नाही तरी रोज जाते. मी मात्र ते पाहत बसतो, कारण त्या वेळी घरात प्रत्येकाला काही ना काही काम असते आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. आणि न बोलता ज्याच्या सोबतीने बसता येईल असे माझे स्नेही फार नाहीत.

अलीकडे त्या उन्हाला आणखी एक सोबती मिळाला होता. ऊन सरकेल तशी बाबांची खुर्ची सरकू लागली होती. ते वर्तमानपत्र पट्ट्यात धरत, घडी बदलत, मान जराशी वळवून कागदाकडे तिरके पाहत, आणि मग घडी माझ्यापुढे टाकून म्हणत, "जरा मोठ्याने वाच. तुझ्या आईलाही ऐकू जाईल." आई ओट्याशी असे आणि तिला बातम्यांत काडीचा रस नव्हता. मी वाचत असे. उतारवयात ऊन बरे वाटते, असे मी मनाशी म्हणत असे. आणि माणसाने आयुष्यभर बस चालवल्यावर त्याला कुणीतरी वाचून दाखवावे असे वाटणेही साहजिकच होते.

त्या सकाळीही मी वाचत होतो, तोच ताईने मागून येऊन माझ्या हातातला कागद ओढला.

"घुम्या, उद्या मी चाललेय! कायमची! आणि तू काय वाचतोयस, बाजारभाव?"

"कायमची काय," आई म्हणाली, "दर पंधरवड्याला धुणं घेऊन येशील."

ताईला डोंगरापलीकडच्या गावातल्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. गेले काही दिवस ती घरातून चालत नव्हती, उडत होती. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायची, खोक्यांवर बसून गाणी म्हणायची, आणि मला घुम्या म्हणण्याचा तिचा बालपणापासूनचा हक्क दिवसातून शंभरदा बजावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला, तिच्या खोक्यांना आणि आम्हा सगळ्यांना घेऊन बाबा गाडीने निघणार होते. डोंगराचा वळणावळणाचा रस्ता लागेपर्यंत संध्याकाळ होणार होती. बसने जावे असे आईने एकदा सुचवून पाहिले होते. त्यावर बाबांनी इतक्या जुन्या जखमेने पाहिले, की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

"मुलीला पोचवायला मी परक्याच्या बसमध्ये बसू? म्हातारी ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे. फक्त मीटरचे दिवे मेलेत. संध्याकाळी काटे दिसत नाहीत. तेवढे बदलले की झालं."

म्हातारी म्हणजे गाडी. आणि दिवे बदलणे म्हणजे माझे काम. मी मामांच्या दुकानात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. मामा गिऱ्हाइकाशी बोलतात आणि मी बॉनेटच्या खाली असतो, आणि ही वाटणी आम्हा दोघांनाही मानवते. गाड्या दुरुस्त करणारा मी गाडी चालवायला मात्र कचरतो. परवाना आहे, तो कपाटात आहे. रस्त्यावर मागून कुणी हॉर्न वाजवला की मला त्याची क्षमा मागावीशी वाटते.

फाटकातून मामांचा आवाज आधी आला, मग मामा आले. हातात मोठा पुठ्ठ्याचा खोका, गळ्यात रंगीत वायरीचे वेटोळे.

"जावईबापू! असे दिवे आणलेत की गाडी चालवताना गॉगल लागेल."

"गॉगलही आणलाय ना मग, मेव्हणे?" बाबांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारले. बाबांचे विनोद असेच असतात. ते स्वतः कधी हसत नाहीत. मान किंचित वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून आपल्याकडे पाहतात, आणि ते तिरके पाहणे हल्ली वाढले होते, म्हणून सगळ्यांचे म्हणणे पडले की म्हातारपणी हे जास्तच खट्याळ होत चाललेत.

खोक्यात एलईडीचे बल्ब होते. निळे, लाल, हिरवे, पिवळे, पांढरे. ताईने खोका पाहिला आणि चित्कारली. "गुलाबी नाही?"

"गुलाबी लावला तर पोलीस थांबवतील," मामा म्हणाले.

"का?"

"त्यांनाही हवा असेल म्हणून."

"दादा," आईने आपल्या भावाला हातातला चमचा रोखून सांगितले, "त्या गाडीचा सर्कशीचा तंबू करू नकोस. उद्या सगळं बिऱ्हाड त्यात बसवायचंय."

मी बॅटरीची तार सोडवली आणि कामाला लागलो. चौकटीचे स्क्रू काढले. मीटर थोडे पुढे ओढून मागे हात घातला. तिथे स्पीडोमीटरची केबल असते, ती न पाहता, नुसत्या बोटांनी चाचपून सोडवावी लागते. मग वायरींची पिन. मग ते अख्खे मीटर माझ्या हातात आले, आणि त्याच्या जागी डॅशबोर्डमध्ये एक काळे भोक राहिले. हातात घेतलेले मीटर फार साधे, फार हलके असते. इतकी वर्षे ज्याच्याकडे पाहून आपण घाबरलो, थांबलो, पेट्रोल भरले, ते एवढेसे असते याचे मला दर वेळी वाईट वाटते.

मागच्या बाजूने बल्ब काढले. जुन्या गाड्यांत या बल्बांना रंग नसतो. प्रत्येकाच्या डोक्यावर एक इवलीशी हिरवी रबराची टोपी चढवलेली असते, आणि त्या टोपीतून उजेड हिरवा होऊन बाहेर येतो. ताईने टोप्या उचलल्या, चार बोटांवर चढवल्या आणि टेबलाच्या कडेवर बोटांना कवायत करायला लावली.

"हा मामा. पोट बघा. ही आई, हिच्या टोपीतसुद्धा चमचा आहे. हे बाबा, हे हसत नाहीत. आणि हा करंगळीवरचा घुम्या. बोल घुम्या! बोल! नाही बोलत. याला आतून वायर तुटलीय."

"तपासून बघितली का?" मामा म्हणाले. "हा तर सगळं तपासतो. फुटकी काच दिली तरी एकदा बॅटरीला लावून बघेल."

ते खरे होते. काढलेला प्रत्येक बल्ब बॅटरीला लावून पाहायची माझी सवय आहे. कुठला खरोखर मेला आणि कुठला नुसता सैल बसला होता हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुकानात त्यावरून माझी रोज थट्टा होते. त्या दिवशी मात्र ते बल्ब मी तपासले नाहीत. ताईच्या बोटांवरच्या टोप्या परत घेतल्या, ज्याच्या त्याच्या डोक्यावर चढवल्या, आणि सगळे बल्ब शर्टच्या खिशात टाकले. घाई आहे, असे मी स्वतःला सांगितले. घाई नव्हती.

पहिल्यांदा निळे बसवले आणि बॅटरीची तार पुन्हा जोडली. पण भर सकाळी मीटरचा उजेड पाहायचा कसा? गॅरेजच्या फटीतून येणारे ते ऊन आता चांगलेच रुंद झाले होते. ताईने यावर उपाय शोधला. बांधून ठेवलेल्या अंथरुणांतून तिने रजया ओढून काढल्या, मामांनी ब्लँकेटे आणली, आणि दोघांनी मिळून म्हातारीला डोक्यापासून चाकापर्यंत गुंडाळले.

"झाला ना तंबू!" आई ओरडली. "मी काय सांगितलं होतं?"

"तिकिटं काढा, तिकिटं काढा," मामा म्हणाले, आणि पुढच्या दाराने आत घुसताना रजईत इतके गुरफटले, की त्यांना पाय धरून ओढावे लागले. ताई आणि आई मागे बसल्या. बाबा अर्थातच त्यांच्या जागी, स्टिअरिंगच्या चाकामागे. मला दाराशी राहणे भाग होते, कारण मीटर अजून नुसते अडकवलेले होते आणि पिन हाताने दाबून धरावी लागत होती. मी बाबांच्या कोपराशी गुडघे टेकले. अर्धा रजईच्या आत, अर्धा बाहेर.

आत गुडूप अंधार, कोंदट ऊब, जुन्या रेक्झिनचा वास आणि चार माणसांचे दाबून धरलेले हसू. लहानपणी पांघरुणाखाली ताई आणि मी असेच लपत असू. आमच्या शोधात कुणीही नसायचे, तरी लपण्याचा आनंद तेवढाच असायचा.

"दिवे!" बाबांनी हुकूम सोडला. मी पिन दाबली.

निळा! असा निळा की आईच्या तोंडून "अगं बाई" निघाले. मामांचे टक्कल निळे, ताईचे दात निळे, बाबांचा शांत चेहरा समुद्राच्या तळाशी बसलेल्या माणसासारखा. आकडे झगमगत होते. पण नारिंगी काटे त्या उजेडात पार विरघळून गेले होते; निळ्या प्रकाशात नारिंगी रंग काळा पडतो हे मी दुकानात कितीदा तरी पाहिले होते आणि ऐन वेळी विसरलो होतो.

"काटे कुठे गेले?" ताई मागून पुढे वाकली.

"लाजले," मामा म्हणाले.

तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला आणि आम्ही सगळे सावरून बसलो, कारण त्या खाकरण्याचा अर्थ आम्हाला ठाऊक होता. बाबा बसवर होते तेव्हापासून त्यांची एक रीत आहे. गाडी सुरू करण्याआधी ते मीटरवरचा प्रत्येक काटा मोठ्याने वाचतात, शाळेत हजेरी घेतात तसे, आणि गाडीतल्यांनी प्रत्येकाला "हजर" म्हणायचे. आमच्या बालपणी या हजेरीशिवाय म्हातारी कधी फाटकाबाहेर पडली नाही. एकदा ताई रुसून "गैरहजर" म्हणाली, तर बाबांनी किल्ली काढून घेतली होती.

"पेट्रोल पाव!" बाबा म्हणाले.

"हजर!"

"पाणी गार!"

"हजर!"

"वेग शून्य!"

"हजर! पण बाबा, काटा एकही दिसत नाहीये!"

"जन्मभर ज्याने काटे बघितले," बाबा संथपणे म्हणाले, "त्याला ते बघावे लागत नाहीत." आणि त्यांनी हॉर्न वाजवला. म्हातारी हजर! रजईखाली त्या हॉर्नचा आवाज असा काही घुमला, की मामांनी कान झाकले आणि ताई हसता हसता सीटवरून खाली घसरली. मीही हसलो. त्यात नवल काय होते? गाडी उभी होती. वेग शून्यच असणार. इंजिन गार होते. आणि पेट्रोल पाव टाकीच आहे हे बाबांना ठाऊक होते, कारण उद्या वाटेत टाकी भरायची हे त्यांनीच ठरवले होते. सगळे कसे चोख जुळत होते.

मग लाल. लालात सगळे भाजून निघाल्यासारखे दिसू लागले; आई म्हणाली, "दादा, तू तर करपलायस." मग हिरवे, पण त्यातला एक पेटेना. एलईडीला उलटसुलट असते, उलटा बसला की तो रुसतो. काढून फिरवून लावला तर शेजारचा रुसला. "हुबेहूब तुमचं घराणं," बाबा मामांना म्हणाले. मग ताईच्या हट्टाखातर सगळे रंग एकदम: वेग निळा, पेट्रोल पिवळे, पाणी लाल. आईने ते पाहिले आणि पदराने तोंड दाबून हसता हसता एवढेच म्हणाली, "फळांचं दुकान." आम्ही आत शिरत होतो, बाहेर येत होतो, रजया सरकत होत्या, पुन्हा ओढल्या जात होत्या. शेजारची एक बाई भिंतीवरून डोकावली, थरथरणारी आणि आतून खिदळणारी गुंडाळलेली गाडी तिने पाहिली, आणि आत निघून गेली. प्रत्येक रंगाला बाबांनी हजेरी घेतली. प्रत्येक रंगाला ते म्हणाले, "आता कसं लख्ख!"

एवढा आनंद आमच्या घरात एकाच वेळी क्वचितच जमा झाला असेल. तो पाहताना मला, नेहमीप्रमाणे, तो आत्ताच संपत चालल्यासारखा वाटत होता. परवा या वेळी ताईची खोली रिकामी असेल, रजया दुसऱ्याच घरात उलगडल्या जातील. पण त्या खिन्नतेलाही त्या दिवशी गुदगुल्या होत होत्या. मी वाकून पिन दाबत होतो आणि माझे खांदे हसण्याने हलत होते.

शेवटी पांढरे ठरले. सगळ्यांत प्रखर. "चंद्र लावलेत चंद्र," मामा म्हणाले, आणि खिशातून एक छोटी बाटली काढली. "आता काट्यांनाही नवा रंग. चमकता. मग जावईबापूंना डोळे मिटूनसुद्धा दिसेल."

काटे रंगवायचे म्हणजे काढायला हवेत. आईचे दोन चहाचे चमचे घेतले, खाली फडक्याची घडी ठेवली, आणि दोन्ही बाजूंनी हळूच उचलले. काटा टक्कन सुटून येतो. "माझे चमचे!" आई म्हणाली. "उद्या त्याच चमच्याने तुम्हाला साखर घालते, थांबा." काढण्याआधी काटा कुठे होता तिथे पेन्सिलने एक टिंब करून ठेवायचे असते. मी नेहमी करतो. पण त्याच वेळी ताई रजई पांघरून म्हातारीची नक्कल करत होती, मामा तिला धक्का मारून चालू करत होते, आणि मी हसत होतो. टिंब राहून गेले.

रंगवलेले काटे बशीत वाळत ठेवले. आईने नकळत त्याच बशीत बिस्किटे काढली आणि मामा एक काटा चहात बुडवता बुडवता वाचले. मग मी काटे परत बसवले. अंदाजाने. मीटर हातात, वीज नाही, खालची दांडी कुठेही फिरून बसलेली. सुरू केल्यावर येतील जागेवर, असे मला वाटले. मीटर नीट बसवले, केबल जोडली, स्क्रू आवळले. आता पिन दाबायला मी लागणार नव्हतो, तरी मी त्याच जागी, बाबांच्या कोपराशी गुडघे टेकले. सवय झाली होती.

शेवटची रजई ओढली गेली. अंधार. मग बाबांनी किल्ली फिरवली.

पांढरा उजेड असा उसळला, की सगळ्यांचे चेहरे एकदम स्पष्ट झाले. आईच्या कानाजवळचा पिकलेला केस, मामांच्या मिशीतला बिस्किटाचा कण. आणि मीटर! आकडे कोरल्यासारखे. काटे चमकत होते. वेगाचा काटा ऐंशीवर उभा होता. पेट्रोलचा काटा पूर्ण भरलेल्या टाकीच्याही पलीकडे जाऊन टेकला होता, आणि पाण्याचा काटा थेट लाल पट्टीत.

मला राहून गेलेले टिंब आठवले. मामांनी काटे पाहिले आणि माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला. ताईने पाहिले आणि आईचा हात आवळला. कुणी बोलेना, कारण बाबांनी घसा खाकरला होता.

"पेट्रोल पाव!"

कुणीही हजर म्हणाले नाही. मागे हसू दाबल्याचा बारीक आवाज.

"पाणी गार!" बाबांनी आवाज चढवला. "अरे, झोपलात काय सगळे? हजेरी द्या!"

मामांच्या नाकातून शिट्टीसारखे काहीतरी निघाले.

"वेग," बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "शून्य!"

आणि मग स्फोट झाला. ताई किंचाळली, मामांनी डॅशबोर्डवर थापा मारल्या, आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "अहो, पुरे! पुरे करा आता!"

"जावईबापू, काय तोंड आहे तुमचं! ऐंशीने पळतोय आपण! पाणी उकळतंय!"

"बाबा, तुम्ही ग्रेट आहात! एक रेष हलली नाही चेहऱ्यावरची!"

बाबाही हसले. पण ते श्वासभर उशिरा हसले, आणि आधी आवाजाच्या दिशेने मान वळवून मग हसले. "मग घट्ट धरून बसा," ते म्हणाले. त्यावर मागे पुन्हा एक लाट उसळली.

मी त्यांच्या इतका जवळ होतो, की तो उजेड त्यांच्या डोळ्यांत पडलेला मला दिसत होता. त्यांचा उजवा हात चाकावरून सुटला. तो मीटरच्या काचेवर गेला, आणि बोट काचेवरून हळूहळू फिरू लागले, आकड्यांवरून, काट्यावरून, पुन्हा आकड्यांवरून, जसा माझा हात मीटरच्या मागे केबल शोधतो. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. हसण्याच्या गदारोळात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारले,

"बाळा, खरंच ऐंशीवर आहे का रे?"

मी मान हलवली. मी नेहमीच बोलायच्या ऐवजी मान हलवतो. घरात सगळ्यांना ती भाषा येते. माझा चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्यावर सगळा उजेड पडलेला होता.

बाबा अजून उत्तराची वाट पाहत होते.

"हो, बाबा," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. बोट अजून काचेवर होते. "बरं."

मागे ताई मामांना बाबांचे "वेग शून्य" पुन्हा करून दाखवत होती. मी उठलो तर डोके टपाला आपटले आणि सगळी रजई माझ्यावर आली. त्या रजईच्या आतूनच, आयुष्यात प्रथमच न विचारता, मी मोठ्याने म्हणालो, "उद्या गाडी मी चालवतो."



"कोण बोललं?" मामांनी विचारले.

"रजई बोलली," आई म्हणाली.

"घुम्या?" ताई ओरडली. "आमचा घुम्या? फाटकातून गाडी काढताना याचे पाय लटपटतात! हा डोंगर चढवणार? मामा, याला काय पाजलंत? तो काट्यांचा रंग?"

"पोचायला आठवडा लागेल, पण पोचेल," मामा म्हणाले. "मागचा प्रत्येक ट्रक आधी जाऊ देईल."

मी रजईतून डोके बाहेर काढले. बाबा हसत नव्हते, पण ते सहसा हसतच नाहीत. त्यांनी किल्ली फिरवून काढली. तो सगळा पांढरा उजेड एकदम गेला. अंधारात किल्ली माझ्या बाजूला पुढे झाली, माझ्या खांद्याला लागली, तिथून घसरत माझ्या हातापर्यंत आली.

"चालव," ते म्हणाले. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "पण हजेरी मीच घेणार!"

"हजर!" तिघे एकदम ओरडले.

रजया काढल्या तेव्हा ऊन गॅरेजभर पसरलेले होते. सगळे चहाला आत गेले. ताईने जाताना माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मामा दारातूनच ओरडले की काटे नीट बसवले नाहीस तर उद्या उभ्या गाडीला दंड होईल. बाबा आईच्या खांद्यावर हात ठेवून उंबरा ओलांडून गेले. हल्ली ते असाच हात ठेवून जात. आम्ही त्यावरूनही त्यांना चिडवत असू, की या वयात प्रेम उतू चाललेय.

मी मीटर पुन्हा उतरवले. वीज देऊन प्रत्येक काटा त्याच्या जागी बसवला: पेट्रोल पाव, पाणी गार, वेग शून्य. आत कुणीतरी काहीतरी बोलले आणि सगळे पुन्हा हसले. त्यात बाबांचा आवाज सगळ्यांत मागे होता.

मग मी खिशातून जुने बल्ब काढले. हिरव्या टोप्यांसकट बॉनेटवर ओळीने मांडले. दोन वायरी घेतल्या आणि एकेक बल्ब बॅटरीला लावून पाहिला. प्रत्येक बल्ब पेटला. उन्हातसुद्धा टोपीतला हिरवा ठिपका स्वच्छ दिसत होता.

बल्ब चांगले होते. बाबांना दिसत नव्हते.